पूर्ण नाव, पूर्ण पत्ता

डॉर्कस एअरीला सेलोटेपची भीती वाटायची. फाटलेला जुना कागद कुणी भल्या मनाने सेलोटेप लावून जोडून आणला, की तिच्या तोंडचा रंग उडायचा. टाचणीची भीती, कारण टाचणी गंजते. कसरीची, ओल्या भिंतीची, मेणबत्तीची, भरलेल्या चहाच्या कपाची. सभागृहामागच्या दप्तरखोलीत तिने हवेतला ओलावा मोजणारी एक तबकडी टांगली होती, आणि म्हातारी माणसं आपल्या गुडघ्यांबद्दल बोलतात तशी ती त्या तबकडीच्या काट्याबद्दल बोलायची.

"क्वेकर म्हणजे थरथरणारा," विल्फ टन्स्टल म्हणायचा. "आपल्या सभेत खरी क्वेकर ही एकटीच. बाकी आपण नुसते बसतो." विल्फ वर डोंगरावर मेंढ्या पाळायचा आणि उपासनेत हमखास झोपायचा.

स्केलबेक गावातल्या क्वेकर सभेचं, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचं, दप्तर डॉर्कसकडे होतं. पगार नाही, मान नाही, एक लोखंडी दार आणि त्याची किल्ली. आत पिढ्यान्‌पिढ्यांच्या समित्यांच्या नोंदवह्या. दफनभूमीची समिती, गरिबांना कोळसा वाटणारी समिती, निर्वासितांसाठी गाद्या जमवणारी समिती. आमच्यात काम दिसलं की समिती नेमतात. काम संपलं की ती बरखास्त करत नाहीत, 'खाली ठेवतात'. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसा शब्द आहे तो. आणि खाली ठेवलेलं ओझं उचलून, पुसून, फडताळात लावून ठेवायचं काम डॉर्कसचं.

एरवी ती बाजारपेठेतल्या लोकरीच्या दुकानात होती. मी देश सोडून या इंग्रजी गावात आले तेव्हा माझे यजमान इथल्या गिरणीच्या रंगखात्यात नोकरीला होते, आणि पहिल्या थंडीत मी लोकर घ्यायला गेले ती तिच्याकडे. तिने मला पहिल्या वाक्यातच 'तू' म्हटलं, जुन्या इंग्रजीतलं 'दाउ'. मला राग आला. मग कळलं की ही जुन्या क्वेकरांची रीत. राजा असो की भंगारवाला, सगळे 'तू'. नव्या पिढीने ती सोडली होती, पण डॉर्कस आणि विल्फसारखे काही जण धरून होते. तिच्याबद्दल मीही इथे 'त्या' असं लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं.

तिच्याच बोलावण्यावरून मी एका रविवारी सभेला गेले. पाद्री नाही, गाणी नाहीत, एकमेकांना 'स्नेही' म्हणणारी माणसं, गोलाकार मांडलेली बाकं आणि तासभर शांतता. शाळेत आम्हाला नन्स गप्प बसवायच्या. इथे कुणी बसवत नव्हतं आणि तरी सगळे गप्प होते, हे मला फार आवडलं. जात राहिले.

डॉर्कसच्या सगळ्या भीतींच्या तळाशी एक भीती होती, ती मला दप्तरखोलीतच कळली. दोरे सोडवून, वह्यांवरची धूळ मऊ ब्रशने झाडायला मी तिला मदत करत असे. एकदा तिने पहिल्या महायुद्धाच्या काळातली एक वही काढली आणि माझ्यापुढे धरली. कैद्यांना भेटणाऱ्या समितीची.

"वाच."

मी वाचलं. 'आमचा एक तरुण स्नेही सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे तुरुंगात आहे. त्याची भेट घेतली. प्रकृती ठीक नाही.'

"तो माझा बाप," डॉर्कस म्हणाली. "बाहेर आला आणि वर्षाच्या आत गेला. मला त्याचा चेहरा आठवत नाही. पुढे आमच्या आईने घर बदललं, फोटो हरवले. म्हटलं, सभेच्या दप्तरात तरी असेल. आहे. 'एक तरुण स्नेही.'" तिने वही मिटली. "लिहिणाऱ्याला वाटलं असेल, लाजेची गोष्ट आहे, नाव कशाला. त्या माणसाला माहीत होतं तो कोण. मला कसं कळणार?"

त्यामुळे कामकाजाच्या सभेत एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडायचा. आमच्यात मतदान नसतं. बोलून, थांबून, सगळ्यांचं मन कुठे स्थिरावतंय ते पाहून सभा चालवणारा क्लार्क तिथल्या तिथे नोंद लिहितो आणि वाचून दाखवतो. लोक 'मंजूर' म्हणत नाहीत. 'आशा आहे' म्हणतात. त्या दोन शब्दांनी नोंद पक्की होते, आणि मग बाहेर जाऊन तिच्यातला स्वल्पविरामही कुणाला बदलता येत नाही. तर क्लार्क नोंद वाचत असला, आणि तीत 'एक स्नेही' किंवा 'शेजारचे कुटुंब' असं काही आलं, की मागच्या बाकावरून थरथरता आवाज यायचा:

"पूर्ण नाव लिही, ह्यूबर्ट. पूर्ण पत्ता."

ह्यूबर्ट नेल्थॉर्प आमचा क्लार्क, शाळामास्तर होऊन निवृत्त झालेला. तो सुस्कारा टाकून लिहायचा.

शहात्तरच्या उन्हाळ्यात लिनेट आली. एका रविवारी सभागृहाचं दार उघडं दिसलं म्हणून ती मुलीला घेऊन आत शिरली आणि चहाच्या वेळी जेसी टन्स्टलच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लिनेट आणि तिची मुलगी जिली. ही दोन्ही नावं खरी नाहीत. आमच्या गावाचं नावही खरं नाही. सभेतल्या बाकी सगळ्यांची नावं मी पूर्ण लिहिली आहेत.

ती कुठूनतरी किनाऱ्यावरच्या गावाहून नवऱ्यापासून पळाली होती. जेसी, म्हणजे विल्फची बायको, तिला सरळ डोंगरावरच्या आपल्या घरी घेऊन गेली. पुढच्या कामकाजाच्या सभेत तिच्यासाठी समिती नेमली गेली: जेसी, विल्फ आणि डॉर्कस. जेसीने उभं राहून सांगितलं, "तिच्या गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलेलं आहे. दुसऱ्यांदा मुलगी मध्ये पडली म्हणून ती वाचली. तो शोधत येईल असं ती म्हणते. एवढंच."

ह्यूबर्टने नोंद वाचली. 'अडचणीत असलेली एक स्त्री आणि तिची मुलगी यांना स्नेह्यांनी आसरा दिला आहे...'

मागून आवाज आलाच.

"डॉर्कस, या खेपेला राहू दे की," विल्फ म्हणाला. "बाई लपलीय, जत्रेत नाही बसलेली."

"आपण तिची लाज वाटून घेतोय का?" डॉर्कस उभी होती आणि बाकाची पाठ धरून होती. "मग नाव का नको? ती पोरगी उद्या मोठी होईल. तिला कळायला नको, कुणी ठेवून घेतलं, कुठे? वही माझ्याकडे असते. कुलपात असते. माझ्यावर विश्वास नाही का?"

कोण काय बोलणार? ह्यूबर्टने लिहिलं. पूर्ण नाव, मुलीचं नाव, टन्स्टलांच्या घराचं नाव, मॉस रिग टेकडीच्या वरच्या अंगाला. वाचून दाखवलं.

"आशा आहे," आम्ही म्हणालो. मीसुद्धा.

उन्हाळाभर डॉर्कस तिच्यासाठी लोकर घेऊन डोंगरावर जायची. लिनेटचा हात विणायला फार चांगला होता. तिची एक खोड होती: काहीही विणलं, की शेवटच्या काठाला दोन ओळी हिरव्या लोकरीच्या. मुलीच्या हातमोज्यांना, आमच्या सभेच्या किटलीसाठी विणलेल्या टोपऱ्यालाही. "म्हणजे माझं कुठलं ते कळतं," असं ती म्हणायची.

सप्टेंबर संपत आला होता. त्या रविवारी उपासनेनंतर कामकाज होतं, म्हणून डॉर्कसने नेहमीप्रमाणे नोंदवही दप्तरखोलीतून आणून मधल्या मेजावर ठेवली होती. मेजावर शेवंतीची फुलं, बायबल आणि ती वही. आम्ही बसलो. शांतता जमायला लागली, विल्फची मान पुढे झुकली, आणि दार वाजलं.

उशिरा येणारे असतातच. दाराशी बसलेल्याने हात मिळवून एका माणसाला आत घेतलं. उंच, नीट भांग पाडलेला, हसऱ्या तोंडाचा. रिकामं बाक पुढेच होतं, मेजाला लागून. तो तिथे बसला.

मी डोळे मिटले. काही वेळाने माझ्या हातावर डॉर्कसचा हात आला. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर पाहत होती, माणसाच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या मनगटाकडे.

त्याने करड्या रंगाचा स्वेटर घातला होता. बाहीच्या काठाला दोन हिरव्या ओळी होत्या.

उपासनेतली शांतता मला घरच्यासारखी वाटायची. त्या दिवशी ती विहिरीसारखी झाली. आमच्यापासून दोन बाकं पलीकडे जेसी डोळे मिटून बसली होती. विल्फ झोपला होता. म्हणजे डोंगरावर लिनेट आणि जिली एकट्या होत्या, आणि त्या घराचं नाव माणसाच्या हातापासून वीतभर अंतरावर, कापडी पुठ्ठ्याच्या आत, ह्यूबर्टच्या सुवाच्य अक्षरात होतं.

त्याने हात पुढे केला. त्याने बायबल उचललं. उपासनेत कुणी बायबल उचलून वाचलं तर त्यात वावगं काही नाही. त्याने पानं चाळली, परत ठेवलं. हात मात्र मेजावरच राहिला. बोटं हळूहळू मेजावर ताल धरत होती. आवाज नव्हता, पण मला तो ऐकू येत होता.

डॉर्कस उठली.

उपासनेत कुणी उठलं म्हणजे त्याला बोलायची प्रेरणा झाली असं धरतात. इतक्या वर्षांत डॉर्कस उपासनेत एकदाही बोललेली नव्हती. ह्यूबर्टने डोळे उघडले. दोनचार माणसांनी माना वर केल्या. ती बोलली नाही. चालत मेजापाशी गेली, त्या माणसाच्या हाताशेजारची वही उचलली, परत आली आणि वही मांडीवर घेऊन बसली. तिचे गुडघे इतके हलत होते की वही हलत होती.

माणूस तिच्याकडे पाहून हसला.

शेवटी दोन ज्येष्ठांनी हात मिळवले. उपासना संपल्याची ती खूण. ह्यूबर्टने रिवाजाप्रमाणे विचारलं, "आज कुणी पाहुणे आहेत? आपलं नाव सांगाल?"

माणूस उभा राहिला. "मी क्लाइव्ह. फार छान वाटलं तुमच्यात. मन शांत झालं." आवाज मऊ होता. "मी माझ्या बायकोला शोधतोय. लिनेट. आणि माझी मुलगी. तिची तब्येत बरी नसते, म्हणजे डोक्याची. तिच्या आईला आलेल्या कार्डावर तुमच्या गावच्या पोस्टाचा शिक्का होता. बाजारात विचारलं, तर म्हणाले, अडलेल्यांना क्वेकर घेतात. आणि क्वेकर खोटं बोलत नाहीत, असंही म्हणाले." तो पुन्हा हसला. "म्हणून म्हटलं, सरळ विचारावं. ती कुठे आहे?"

विल्फ आता पूर्ण जागा होता.

'इथे नाही' म्हणता येत नव्हतं. 'सांगणार नाही' म्हणणं म्हणजे 'आहे' म्हणणं. ह्यूबर्टचं तोंड उघडलेलं होतं. त्याचं तोंड उघडलेलं असताना शब्द आला नाही, असं मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

"ह्यूबर्ट," डॉर्कस म्हणाली, "मी शांततेची विनंती करते."

कामकाजात गुंता झाला की कुणीही ही विनंती करू शकतं. केली की सगळे थांबतात, मध्येच अर्धं वाक्य असलं तरी. ह्यूबर्टने तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले. जेसीने ठेवले. मी ठेवले. सगळी खोली एका क्षणात खाली बसल्यासारखी झाली, आणि तो एकटा मध्ये उभा राहिला.

"हे काय?" तो म्हणाला. "मी काहीतरी विचारलंय."

कुणी हललं नाही.

तो दाराकडे गेला. मला वाटलं, गेला. पण दाराशेजारच्या फलकापाशी थांबून त्याने मोठ्याने वाचलं. डॉर्कसच्याच हातची पाटी होती ती. "'सभेच्या नोंदी कुणासही वाचता येतील. डॉर्कस एअरी यांस विचारावे.' वा. डॉर्कस एअरी कोण?"

मी जमिनीकडे पाहत होते. सगळेच पाहत असावेत, कारण तिच्याकडे पाहणं म्हणजे बोट दाखवणं.

"मी," डॉर्कस म्हणाली.

तो आला आणि तिच्यापुढे उभा राहिला. त्याच्या स्वेटरला साबणाचा वास येत होता. "बाई, मला वाचायचंय. तुमचीच पाटी आहे. दाखवता का?"

तिने वहीवर दोन्ही हात ठेवले.

"तुम्ही लिहिलंय, कुणासही. मी कुणीच नाही का?"

डॉर्कस वहीवर वाकली. त्याने वाकून तिचं मनगट धरलं, अगदी प्रेमाने धरल्यासारखं, आणि दाबलं. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला. तिने वही सोडली नाही.

तेव्हा जेसी उठली. न बोलता येऊन डॉर्कसच्या दुसऱ्या बाजूला बसली. मग ह्यूबर्ट आला. मग विल्फ, मग बाकीचे, एकेक करून, पुढच्या आणि मागच्या बाकांवर, इतके जवळ की मला त्यांचे कोट लागत होते. कुणी त्याला हात लावला नाही. कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉर्कसचं मनगट सोडायला त्याला आमच्या गुडघ्यांमधून हात काढून घ्यावा लागला.

"म्हणजे इथेच आहे ती," तो म्हणाला. आता आवाज मऊ नव्हता. "बरं झालं. मला घाई नाही."

दार आपटलं. खिडकीतून दिसलं, समोर त्याची निळी गाडी होती. तो तिच्यात बसला आणि काच खाली करून सिगारेट पेटवली.

"मी घरी गेलो की हा माझ्या मागून येणार," विल्फ म्हणाला.

"दुसरं कुणी जा, तिला घेऊन या," ह्यूबर्ट म्हणाला.

"त्याच्याही मागून येईल. डोंगरावर जाणारा रस्ता एकच आहे, मास्तर."

"सगळेच जाऊ या," जेसी म्हणाली. "एकदम. एका गाडीमागेच जाईल ना तो? त्याला कुठे ठाऊक, मेंढ्यांचा मालक कोण."

"विल्फचा जवळून वास घेतला तर कळेल," कुणीतरी म्हणालं आणि आम्ही हसलो. ते हसू लगेच विझलं.

मग सगळ्यांनी कोट चढवले आणि स्केलबेकच्या सभेच्या सगळ्या गाड्या एकाच वेळी सुरू झाल्या. एक नदीकडे, एक स्टेशनकडे, एक गिरणीकडे, टन्स्टलांची मेंढ्यांच्या वासाची गाडी त्यांच्यामध्येच कुठेतरी. निळ्या गाडीतला माणूस मान इकडेतिकडे वळवत राहिला. डॉर्कसकडे गाडी नव्हती. ती आणि मी पायी निघालो. वही तिच्या लोकरीच्या पिशवीत होती, वर विणकाम टाकलेलं.

चौकाच्या वळणावर मी मागे पाहिलं. तो गाडी सोडून आमच्या मागे येत होता. गाड्यांची त्याला गरजच नव्हती. वही कुणाकडे आहे ते त्याने पाहिलं होतं.

"मागे बघू नकोस," डॉर्कस म्हणाली.

"घरी जायचं?"

"घरी गेलं तर तोही आत येईल."

रविवारची दुपार. दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, घराघरांतून भाजलेल्या मटणाचा वास. आमची पावलं आणि त्याची पावलं. आम्ही थांबलो की तीही थांबत. मी त्या गल्लीतून हजारदा गेले होते, आणि तिला इतकी कुंपणं आहेत आणि एकही उघडं फाटक नाही, हे मला तेव्हा कळलं. डॉर्कस पिशवी छातीशी धरून चालत होती आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना. मग ऐकू आलं. "मी सांगितलं लिहायला. मी सांगितलं लिहायला."

"पान फाडून दे मला," मी म्हणाले. "मी तोंडात घालून खाते."

ती खरोखर थांबली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी मूल मारायला सांगितलं होतं. "पान फाडलं तर वहीची शिवण सुटते," ती म्हणाली.

तिने वळण घेतलं ते पोलीस चौकीकडे. रविवारी चौकीला कुलूप असायचं, पण शेजारीच कॉन्स्टेबल ओल्डरॉइडचं घर होतं. डॉर्कसने दार ठोठावलं. ओल्डरॉइड गळ्यात रुमाल खोचलेला, हातात काटा घेऊनच बाहेर आला.

"एअरीबाई, जेवतोय मी."

"तो माणूस आमच्या मागे आहे."

क्लाइव्ह रस्त्याच्या पलीकडे उभा होता. त्याने हात वर करून नमस्कार केला. "घरगुती बाब आहे, साहेब. या बायकांनी माझी बायको लपवलीय."

ओल्डरॉइडच्या चेहऱ्यावर ते वाचता आलं. तेव्हा पोलीस नवराबायकोच्या भांडणात पडत नसत. "हे बघा बाई, संसारातल्या गोष्टी..."

डॉर्कसने बाही मागे सारली. मनगटावर बोटांचे वळ उठले होते, लाल, एकेक वेगळा मोजता येईल असे. "हा माझा नवरा नाही," ती म्हणाली.

ओल्डरॉइडने वळांकडे पाहिलं, काटा दारातल्या कुंडीत खोचला आणि रस्ता ओलांडला. ते दोघे बराच वेळ बोलत होते. गाडीचे कागद, परवाना, राहण्याचा पत्ता. दरम्यान ओल्डरॉइडच्या बायकोने आम्हाला आत घेतलं आणि आल्याचा केक दिला. डॉर्कसने तो हातात धरला, खाल्ला नाही. पिशवीत केकचा चुरा पडेल अशी तिला भीती वाटत होती.

तेवढ्या वेळात टन्स्टलांनी लिनेटला आणि जिलीला गाडीत घालून डोंगराच्या पलीकडच्या उताराने दुसऱ्या सभेच्या स्नेह्यांकडे पोचवलं. तो माणूस पुढे आठवडाभर गावात दिसत राहिला. लोकरीच्या दुकानासमोर उभा राहायचा. आत यायचा नाही. डॉर्कस गिऱ्हाइकाला लोकर मापून देताना चुकायला लागली. मग तो दिसेनासा झाला, आणि ते जास्त वाईट होतं, कारण मग तो कुठेही असू शकत होता.

पुढच्या कामकाजाच्या सभेत ह्यूबर्टने नोंद वाचली. 'ती स्त्री व तिची मुलगी यांना अन्यत्र हलविण्यात आले आहे.' तो थांबला आणि मागच्या बाकाकडे पाहायचं टाळू लागला. सगळेच टाळत होते. डॉर्कसने आता तोंड उघडू नये, हा शहाणपणा होता आणि दयाही.

ती उठली. या वेळी तिला बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरावी लागली.

"माझ्या हट्टापायी तिचा जीव जाणार होता," ती म्हणाली. "मला झोप येत नाही. ह्यूबर्टने लिहिलंय तसंच राहू दे, वहीत. पण एक वेगळा कागद कर. त्यावर पूर्ण नाव लिही. पूर्ण पत्ता. कुणी घेतलं, कुणी पोचवलं, सगळं. लाखेने बंद करू. ती पोरगी म्हातारी होईपर्यंत कुणी उघडायचा नाही."

"आणि तो परत आला तर?" विल्फने विचारलं. त्याच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती.

"तर मला भीती वाटेल," डॉर्कस म्हणाली. "ती मला तशीही वाटते. तिचा काहीतरी उपयोग होऊ दे."

जेसी रडत होती. ह्यूबर्टने लिहिलं: लिफाफा पंचाहत्तर वर्षं बंद राहील, समिती चालू राहील. वाचून दाखवलं. आम्ही 'आशा आहे' म्हणालो, इतक्या हळू की ह्यूबर्टला पुन्हा विचारावं लागलं.

दाराशेजारची पाटी डॉर्कसने बदलली. आता तिच्यावर असं आहे: 'जुन्या नोंदी वाचता येतील. चालू नोंदींसाठी थांबावे लागेल.'

लिफाफा तिने दप्तरखोलीत ठेवला नाही. तिथे किल्ली एकच होती आणि ती तिच्याकडे आहे हे फलकावरून कुणालाही कळत होतं. कुठे ठेवला ते तिने मला सांगितलं आणि तिच्या आजारपणात तो माझ्याकडे दिला. त्याच्याभोवती तिने पांढरा सुती कपडा गुंडाळला होता, दोरी नाही, टाचणी नाही. शेवटी रुग्णालयात तिला माणसं ओळखू येत नव्हती. पण दार उघडलं की ती आधी येणाऱ्याच्या मनगटाकडे पाहायची.

त्यानंतर दप्तर माझ्याकडे आलं. मी आयुष्यभर रोजनिशी लिहिली आहे, जेवणात काय होतं इथपर्यंत. त्या रविवारच्या पानावर फक्त हवामान आहे. ती पुढे कुठे गेली, जिली कशी वाढली, हे मला माहीत नाही. माहीत करून घेण्याची मला भीती वाटते.

दरवर्षी कामकाजाच्या सभेत नवा क्लार्क यादी वाचतो आणि एका नावापाशी अडखळतो. या वर्षीची क्लार्क तरुण मुलगी आहे, बँकेत काम करते. तिने विचारलं, "ही समिती शहात्तर सालची आहे. सभासद सगळे वारलेत, मग तुमचं नाव घातलेलं दिसतंय. खाली ठेवायची का?"

"नको," मी म्हणाले.

"काम काय आहे हिचं?"

"एक लिफाफा आहे. तो उघडायचा दिवस यायचाय. मी तोवर नसेन. माझ्यानंतर कुणाचं तरी नाव घालावं लागेल. पूर्ण नाव."

मग तिने लिहिलं, आणि उभी राहून वाचलं, की समिती चालू आहे. त्याच वेळी मागे दार वाजलं, कुणीतरी उशिरा आलं होतं. मी वळून आधी त्याच्या बाह्या पाहिल्या. काळा रेनकोट होता, ओला. गावातलाच मुलगा, छत्री विसरला होता म्हणून परत आलेला.

"आशा आहे," खोली म्हणाली. माझा आवाज थोडा मागून आला.